लाल चिंधीचा वास

माय,

मी, तुझा थोरला मुलगा, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय मासेमारी, गावच्या मच्छीमार सोसायटीचा माजी अध्यक्ष, असे लिहून देतो की, खाली जे येईल ते माझ्या समजुतीप्रमाणे खरे आहे व ते कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही. नाव लिहीत नाही. ते तूच ठेवलेस, आणि तू ते कधी पूर्ण उच्चारलेही नाहीस. अर्ज, ठराव आणि सभेची इतिवृत्ते लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे साधे घरचे पत्र लिहायला बसलो तरी हात आपोआप अर्जाकडे वळतो. तुला मात्र 'तू' असेच लिहितो. 'आपण' लिहिले तर तू मागे वळून पाहशील, कोण पाहुणा आला म्हणून.

विषय असा की, रंगाला वास असतो किंवा नसतो. हा प्रश्न आपल्या घरात एकदाच निघाला आणि तू तो मिटवून टाकलास. आता तो पुन्हा निघाला, चारचौघांसमोर निघाला, आणि त्याचा निकालही लागला. तो तुला कळवणे माझे कर्तव्य आहे, कारण त्या निकालात तुझी सुटका आहे. तू गेलीस त्याला आता इतका काळ लोटला आहे की तुला पाहिलेली माणसे गावात बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. तरीही सुटका ती सुटकाच.

आपल्या अंगणात ऐनाची साल उकळत असे तो दिवस मला नीट आठवतो. सुताची जाळी तेव्हा घरोघरी विणत आणि सालीच्या काढ्यात रंगवत. वडील म्हणत की कोऱ्या जाळ्याचा पांढरा वास मासोळीला पाण्यातून येतो आणि ती वाट बदलते. रंगवलेल्या जाळ्याला वासच उरत नाही. म्हणजे रंगाला वास असतो हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितले, आणि पुढे त्यावरून सर्वांत मोठ्याने हसलेही तेच. काढा उकळण्याच्या भांड्याखाली, मोठ्या गुंडीखाली, जाळ घालण्याचे काम माझ्याकडे असे. काढा लाल झाला की हाक मार, असे सांगून ते विडी ओढायला तलावाच्या बांधावर, पाळीवर जात. मी गुंडीत पाहत नसे. मी वाकून वास घेत असे. प्रथम ओल्या लाकडाचा वास येतो, मग तुरट, मग असा एक वास येतो की टाळू कोरडी पडते. तो आला की मी हाक मारी. वडील येत, पळीने काढा उचलून पाहत आणि म्हणत, "बराबर लाल झाला. नजर हाये पोट्ट्याची." मी छाती काढून उभा राही. नजरेचा त्यात काही संबंध नाही हे मला ठाऊक नव्हते. मला वाटे, सर्वच माणसे लाल रंग नाकाने पाहतात.

मग तो दिवस. वडिलांना ताप होता, म्हणून पहाटे जाळे उचलायला मला एकट्याला डोंगा घेऊन पाठवले. आपल्या तलावात कोणाचे जाळे कुठे आहे हे जाळ्यावर तरंगणाऱ्या वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यावरून कळत असे, आणि प्रत्येक घराची चिंधी तुंब्याला बांधलेली असे. आपली लाल. शेजारच्या काकांची हिरवी. रात्रभर पाण्यात राहिलेल्या चिंध्या. मी दोन्ही तुंबे जवळ ओढले, दोन्ही हुंगले, दोन्हींना गाळाचा वास होता. डोळ्यांना दोन्ही मातकट. मी त्यातला एक घेतला आणि जाळे उपसले. भरपूर मरळ लागली होती. मी आनंदाने पाळीवर आलो तर काका उभे होते.

दुसऱ्याचे जाळे उचलणे आपल्या लोकांत चोरीपेक्षाही वाईट मानतात, हे तुला सांगायला नको. घरातले धान्य चोरले तर माणूस भुकेला होता असे म्हणता येते. दुसऱ्याचे जाळे उचलणाऱ्याला पाण्याची मर्यादा नाही असे म्हणतात, आणि त्या घराला तलावावर येऊ देत नाहीत. वडील तापात उठून आले. सारे जमले होते. कोणीतरी विचारले, "काऊन रे, लाल अन् हिरवं समजत नाई का तुले?" मी खरे ते सांगितले. म्हणालो, "दोनीचा वास सारखाच येत होता."

सारी पाळ हसली. "रंगाले का वास रायते का बे! हुंगून पाह्यते का, कुत्र्यावानी?" वडीलही हसले, पण त्यांचे हसणे लोकांसाठी होते. मग त्यांनी टोपी काढली, काकांपुढे हात जोडले आणि मासोळी परत केली. पुढच्या अमावास्येपर्यंत आपले जाळे पाण्यात पडायचे नाही असे ठरले. घरी आल्यावर मला मार बसला. तो मला फारसा लागला नाही. टोपी काढलेले त्यांचे डोके मात्र मी आजही पाहू शकतो. त्यावर घाम होता.

आजीने त्याच दिवशी निदान केले आणि ते ग्रहणावर ठेवले. ती पडवीत बसून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गिऱ्हान पाळलं नाई हिनं. पोट वर आलं होतं तरी गिऱ्हानात मासोळी चिरत बसली. पोराच्या डोळ्यातला रंग कापला हिनं." तू चुलीपुढे होतीस. मी आत आलो तेव्हा तू वाकळीतून दोन चिंध्या उसवून माझ्या हातात दिल्यास आणि विचारलेस, "यातली लाल कोनती, सांग बरं." मी दोन्ही नाकाशी नेल्या. तेवढ्यावरच तू खाली बसलीस. उत्तराची वाट पाहिली नाहीस. डोक्याला हात लावून म्हणालीस, "माह्याच हातचं व्हय हे." आणि मग माझा दंड धरून, "कोनाले सांगू नोको. काईच सांगू नोको. मी शिकवतो तुले."

आणि तू शिकवलेस. चौथीच्या मास्तरांनी मला ऱ्हस्व-दीर्घ जसे शिकवले, तितक्याच कडकपणे. वाळलेली मिरची, कुंकू, पिकलेला टमाटा, गुलाल, ओली वीट: हे लाल. कोथिंबीर, चिरलेले गवत, कैरीचे साल, तलावाच्या कडेचे शेवाळ: हे हिरवे. तू माझ्या डोळ्यांवर पदर बांधून नाकापुढे वस्तू धरायचीस आणि मी चुकलो की पाठीत चापट द्यायचीस. मला एक नियमही सापडला. लाल वास नाकात वर चढतो, हिरवा जिभेखाली उतरतो. हे मी तुला सांगितले तेव्हा तू बराच वेळ हसलीस. त्या वर्षभरात तू हसल्याचे मला तेवढे एकच आठवते.

तुंब्याच्या चिंधीचा बंदोबस्त तू निराळाच केलास. अमावास्या उलटल्यावर नवी लाल चिंधी तू मोहाच्या बियांच्या, म्हणजे टोरीच्या तेलात दोन दिवस भिजवलीस आणि मग बांधायला दिलीस. त्या तेलाचा वास पाण्याने जात नाही. वडील ओरडले, "मासोळी पळन ना वं या वासानं! का पुऱ्या तळून राह्यली का तलावात?" तू म्हणालीस, "चिंधी सडत नाई तेलानं." ते पटण्यासारखे होते. मासोळी पळाली नाही. पुढे दोन-तीन घरांनी आपल्याही चिंध्या तेलात भिजवायला सुरुवात केली, तेव्हा तू मला बाजूला घेऊन सांगितलेस की आता आपल्या तेलात थोडा हिंग घातला आहे, लक्षात ठेव.

माय, त्या दिवसापासून माझ्यासाठी लाल रंगाला टोरीच्या तेलाचा वास आहे. ज्या वस्तूला तेल कधी लागले नाही तिलाही आहे. कोणी म्हणाले, 'ती लाल मोटार पाहा', की माझ्या नाकात तो वास येतो. आधी शब्द, मग वास, आणि मग त्या मातकट मोटारीवर कुठेतरी थोडी ऊब दिसल्यासारखी वाटते. याला पाहणे म्हणावे की हुंगणे, मला सांगता येत नाही. डोळे आणि नाक यांच्यामध्ये भिंत आहे असे लोक समजतात. माझ्या घरात त्या जागी नुसता पडदा आहे, आणि तो तू टांगलास.

जिथे वास नाही तिथे मात्र माझा नाइलाज झाला. फाल्गुनात चिमूरच्या रस्त्याने जाताना लोक म्हणतात, पळस कसा पेटला आहे पाहा. पळसाच्या फुलाला वास नसतो. मी ती फुले हातात घेऊन, चुरगळून, पावसात भिजवून पाहिली आहेत. काही नाही. म्हणून माझ्या जंगलात पळस कधी फुलला नाही. मी "व्वा" असे म्हणत आलो. सोसायटीच्या अध्यक्षपदी असताना कागदावर कोणी म्हणे, 'लाल खूण आहे तिथे सही करा', तर मी चष्मा पुसत बसे, आणि शेवटी कारकून स्वतःच बोट ठेवी. लोक म्हणत, अध्यक्ष वाचल्याशिवाय सही करत नाहीत. माझ्या करारी स्वभावाविषयी गावात जे बोलले जाते त्यातला अर्धा भाग असा तयार झालेला आहे. तो मी कधी दुरुस्त केला नाही. तुझी आज्ञा होती, आणि पुढे पुढे आज्ञेपेक्षा माझा ताठा मोठा झाला.

आता यंदाची हकीकत. माझी धाकटी मुलगी, जिला तू पाहिले नाहीस, मोहर्लीकडच्या एका गावात दिली आहे. जावई जंगल सफारीची जिप्सी चालवतो. त्यांचा थोरला मुलगा, माझा नातू, भरतीच्या तयारीत होता. पळण्यात पहिला, लेखी परीक्षेत उत्तम, आणि वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे ठिपक्यांचे एक पुस्तक धरले गेले. त्या ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. त्याला एकही दिसला नाही. तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. तिने माझ्याशी न बोलता आपल्या आईशी बोलायचे म्हटले, यावरूनच काहीतरी बिनसले आहे हे मी समजलो. तुझ्या सुनेने फोन कानाला लावला आणि ती नुसते "हो... हो वं बाई... रडू नोको" असे म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मी विचारले तर म्हणाली, "तिची सासू म्हनते, पोट्टीनं गिऱ्हान पाळलं नाई. बाळंतपनाले आपल्या घरी आली होती तवा."

माय, ते वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकले. शब्दही तेच. मी कोट चढवला आणि आम्ही दोघे एसटीने निघालो.

तिथे गेल्यावर पाहिले ते असे. विहीणबाई ओसरीत खाटेवर. जावई अंगणात गाडी धूत, जी आधीच स्वच्छ होती. मुलगी चुलीपाशी, आणि मी तिला हाक मारली तर तिने वर पाहिले नाही. ती चुलीपाशी बसली होती तशीच तू बसलेली मी पाहिली आहे: गुडघ्यावर कपाळ, हातात फुंकणी, आणि चूल विझलेली. विहीणबाई म्हणाल्या, "इवाई, आले ते बरं झालं. तुमच्याच घरी झालं सारं. गिऱ्हानाच्या दिवशी पोट्टीले इळी काऊन देल्ली हातात? एवढं सोन्यासारकं पोरगं, नोकरी हातची गेली. उद्या लगन कोन करन त्याचं?"

मुलगी आतून म्हणाली, "मी चिरली होती मासोळी. माह्या ध्यानातच नाई राह्यलं गिऱ्हान." आणि मग, अगदी हळू, "माह्याच हातचं व्हय."

बसमध्ये मी सभेत बोलावे तसे एक भाषण मनात तयार केले होते. त्यातले एक वाक्यही बाहेर आले नाही. मी एवढेच म्हणालो, "विहीणबाई, मलाही लाल आणि हिरवे कळत नाही. जन्मापासून."

पाण्याची नळी जावयाच्या हातात तशीच चालू राहिली. नातू भिंतीकडून वळला. विहीणबाई म्हणाल्या, "नातवाची बाजू घ्याले खोटं बोलून राह्यले का इवाई?" तेव्हा नातू उठला, मोबाईलवर ते ठिपक्यांचे चित्र काढले आणि माझ्यापुढे धरले. "आबाजी, का दिसते?"

"ठिपके."

"मलेबी ठिपकेच." त्याने तो आजीपुढे धरला. विहीणबाईंनी लगेच म्हटले, "सात तर लिवला हाये! इतका मोठा सात दिसत नाई का तुमाले?" आम्ही दोघांनी पुन्हा पाहिले. ठिपके होते. नातू हसायला लागला. तो कितीतरी दिवसांनी हसत होता हे त्याच्या आईच्या तोंडावरून कळले. मग तोच एकामागून एक चित्रे काढत राहिला आणि मी एकामागून एक नापास होत राहिलो. चौथीनंतर मी परीक्षा दिली नव्हती. आणि नापास होण्यात इतका हलकेपणा असतो हे मला कोणी सांगितले नव्हते.

या गडबडीत तुझी सून शांतपणे सुपारी कातरत होती. मी तिला म्हणालो, "ही गोष्ट मी तुझ्यापासूनही लपवली, ती आता सर्वांदेखत सांगतो." ती मान वर न करता म्हणाली, "मले माहीत हाये."

"केव्हापासून?"

"लगनाच्या दुसऱ्या साली. चिमूरच्या बजारातून लाल लुगडं आनतो म्हनून हिरवं आनलं तुमी. अन् नेसल्यावर म्हनले, लाल रंग खुलून दिसते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी अध्यक्ष होते ना," ती म्हणाली.

विहीणबाईंचे हसू त्यांच्या पदरात मावले नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. मी तशी तयारीही केली, पण तो आला नाही.

तरीही प्रश्न सुटलेला नव्हता. विहीणबाई हसणे आवरून म्हणाल्या की म्हणजे तुमच्या मायनेही ग्रहण पाळले नसेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सर्वांना वरोऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. विहीणबाईंना मुद्दाम नेले. निकाल त्यांच्या कानांनी ऐकला जावा अशी माझी अट होती. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी नातवाला तपासले, मला तपासले आणि मग कागद पुढे ओढून त्यावर घराण्याचा वेल काढला. त्यांनी सांगितले ते मी माझ्या भाषेत लिहितो. हा दोष बापाकडून मुलीकडे जातो, पण मुलीला त्याचा त्रास नसतो. ती तो फक्त वाहून नेते, आणि तिच्या मुलाला तो होऊ शकतो. ग्रहण, विळी, मासोळी, यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. पोटातल्या मुलाच्या आईने त्या दिवशी काय केले याला काही अर्थ नाही. ते रक्तातून आधीच ठरलेले असते.

विहीणबाईंनी वेलावर बोट ठेवले. "म्हन्जे तुमच्याच घरून आलं ना मग, इवाई!"

मी उठून उभा राहिलो. दवाखान्यात उभे राहण्याचे कारण नव्हते, पण बसून सांगण्याची ती गोष्ट नव्हती. "होय. माझ्याकडून आले. माझ्या मुलीच्या हातून काही घडलेले नाही. यापुढे कोणी विचारले तर माझे नाव सांगावे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, बसा, यात कोणाचीच चूक नाही." मी त्यांना म्हणालो की चूक नाही हे समजले, पण ज्याचे आहे त्याच्या नावावर चढलेले बरे. मुलगी माझ्या कोटाची बाही धरून बसली होती. तिने रडायला सुरुवात केली, पण ते रडणे फोनवरचे नव्हते.

मग डॉक्टरीणबाईंनी माझ्या नावाच्या वर पेन नेला आणि विचारले, "तुमच्या आईचे वडील कसे होते? त्यांनाही असे काही?"

आणि माय, मला आजोबा आठवले. उन्हाळ्यात तुझ्या माहेरी गेल्यावर पाडाचे आंबे ते एकेक नाकाशी धरून बाजूला काढत. बाजाराला एकटे कधी जात नसत. तू लहान असताना तुला खांद्यावर बसवून नेत, असे तूच सांगायचीस. जाळाच्या धुराने त्यांचे डोळे मंद झाले असेही तू सांगायचीस, कारण तुला तसेच सांगण्यात आले असणार. म्हणजे तू त्यांच्या खांद्यावर बसून त्यांना रंग सांगत असणार. म्हणून मी चिंधी नाकाशी नेली आणि तू उत्तराआधीच खाली बसलीस. तू ते पूर्वी पाहिले होते. तुझ्या डोळ्यांपुढे उत्तर उभे होते, आणि आजीच्या एका वाक्याने ते तुला दिसू दिले नाही.

पुढची सगळी ग्रहणे तू उपाशी काढलीस. माझ्या लग्नानंतरही. पाणीसुद्धा न पिता तुळशीपुढे बसायचीस आणि कोणी विचारले तर, सवय आहे, असे म्हणायचीस. त्यातल्या एकाही उपवासाची गरज नव्हती. हे कळवण्यासाठी हे पत्र आहे. तू काहीही कापले नाहीस.

उठताना मी डॉक्टरीणबाईंना मुख्य प्रश्न विचारला. रंगाला वास असतो का? त्या म्हणाल्या, "नसतो आजोबा. पण काही माणसांची एक जाणीव दुसरीत मिसळते. लहानपणी सवयीने जोडली तरी ती तशीच राहू शकते." मी तेवढ्यावर समाधान मानले नाही. बाहेर आल्यावर नातवाला बाजूला घेतले आणि विचारले, "लाल म्हटल्यावर तुला कशाचा वास येतो?"

तो गोंधळला. "वास? वास कायचा येईन आबाजी? काईच नाई."

मी पुन्हा विचारले. त्याने प्रामाणिकपणे डोळे मिटून नाक वर केले आणि म्हणाला, "एसटी स्टँडचा येऊन राह्यला फक्त."

मला तिथल्या तिथे निकाल मिळाला. डोळे मला तुझ्या वडिलांकडून आले आणि माझ्याकडून ते नातवाकडे गेले. त्यात कोणाचे काही चालले नाही. वास मात्र रक्तातून गेला नाही, कारण तो रक्तातला नव्हताच. डोळ्यांवर पदर बांधून, पाठीत चापट देऊन, तेलात चिंधी भिजवून तो तू दिलास. रंगाला वास नसतो, हे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे बरोबर असावे. पण कोणी दिला तर तो राहतो, हे माझे म्हणणे आहे, आणि ते मी आयुष्यभर तपासून पाहिले आहे.

परतीच्या एसटीत गर्दी होती. विहीणबाईंना खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटल्यावर त्यांनी माझ्या मुलीला हाताने ओढून त्या जागी बसवले, स्वतः कडेला सरकल्या आणि कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "बस इथी. हवा लागू दे तोंडाले." माफी म्हणून याहून अधिक काही त्यांच्या तोंडून निघणार नाही, आणि मुलीला याहून अधिक नको होते. ती खिडकीशी डोके टेकून झोपली. नातू आता जंगलात गाईड होण्याचे म्हणतो. रंगाच्या भानगडीत न पडल्यामुळे गवतातले जनावर त्याला इतरांआधी दिसते, असा त्याचा दावा आहे. त्याची खातरजमा मी अद्याप केलेली नाही.

हे पत्र पोस्टात टाकण्याचा प्रश्न येत नाही. घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवीन. एक गोष्ट मात्र नमूद करतो. लिहिता लिहिता पेन संपला, म्हणून फळीवरचा दुसरा घेतला आणि बऱ्याच ओळी झाल्यावर थांबलो. तुझ्या सुनेला विचारले, "हा कोणत्या रंगाचा आहे?" असे मी आजवर कोणालाही विचारलेले नव्हते. तोंड उघडताना कान तापले. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "लाल हाये. अर्धा कागद मास्तरावानी लाल करून टाकला तुमी." पुन्हा लिहून काढावे असे एकदा मनात आले. काढले नाही.

लिहिताना समक्ष हजर, साक्षीदार म्हणून: एक, तुझी सून, जिने वाचून दाखवा असे म्हटले नाही. दोन, धाकटी मुलगी, माहेरपणाला आलेली, आतल्या खोलीत झोपलेली. तिला उठवले नाही. तीन, नातू, ओसरीत मोबाईल पाहत.